गाणारी कुठे गेली?

*दादा, नमस्कार. मी नाशिकरोडला राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर गाणं शिकायला सुरुवात केली. आमच्या बाई पुण्याला असतात, त्यामुळे क्लास आठवड्यातून दोनदा झूमवर, मोबाइलवरूनच. गेल्या महिन्यापासून या फोननं छळ मांडलाय. वायरच्या हेडफोनवर रेकॉर्डिंग लावलं की तबला-पेटी ऐकू येते, पण गाणारी गायब! हेडफोन काढला तरी वर हेडफोनची खूण तशीच राहते आणि फोन आला तर समोरच्याचा आवाज येत नाही. लेकीनं बिनवायरचे बड्स पाठवले. ते कानातून पडतात, डावीकडे आवाज कमी येतो आणि क्लास सुरू झाला की बाई डब्यातून बोलल्यासारख्या वाटतात. बाईंची वेगळीच तक्रार, की तुमचा तानपुरा मला मधूनमधून ऐकूच येत नाही. 'जागा संपली' हे तर रोजचंच. दुकानदार म्हणाला बोर्ड गेलाय, साडेतीन हजार लागतील. भाचा म्हणतो नवा फोनच घे. मी काय करू? आणि हेडफोन घ्यायचा तर कोणता?*
*– एक वाचक, नाशिकरोड*

ताई, नमस्कार.

बोर्ड गेलेला नसावा. फोन हातात न घेता लिहितोय, तरी बऱ्यापैकी खात्रीनं लिहितोय. बोर्डावर आवाजाचं काम बिघडलं की सगळ्यांचाच आवाज जातो किंवा फाटतो. तबलजी बसलाय, पेटीवाला बसलाय आणि गाणारी तेवढी उठून गेली, असली निवडानिवड बोर्डाला जमत नाही. हे काम पिनेचं.

तुमच्या हेडफोनची पिन जरा उजेडात धरून बघा. तिच्यावर तीन काळ्या कड्या दिसतील, म्हणजे धातूचे तुकडे झाले चार. टोकाचा तुकडा डाव्या कानाचा, त्यामागचा उजव्या कानाचा, तिसरा दोन्ही कानांची परतीची सामाईक वाट आणि शेवटचा माइकचा. रेकॉर्डिंग करताना गाणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना अगदी सारखा ठेवतात, म्हणून तो डोक्याच्या मधोमध ऐकू येतो. तबला थोडा एकीकडे, पेटी थोडी दुसरीकडे. आता ती परतीची सामाईक वाट तुटली, की डाव्या बाजूचा करंट उजव्या बाजूतून वाट काढायला बघतो आणि उजवीकडचा डावीतून. दोन्हीकडे जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं, जे वेगळं आहे तेवढं उरतं. गाणारी दोन्हीकडे सारखी होती, ती गेली. नीट कान दिलात तर तिचा घुमारा मात्र लांबून, विहिरीतून आल्यासारखा ऐकू येईल. तसा येत असेल तर निदान पक्कं.

वाट तुटायचं सगळ्यात साधं कारण म्हणजे बॅक कव्हर. हल्लीची कव्हरं जाड असतात, हेडफोनसाठी ठेवलेलं भोक अरुंद असतं आणि पिनेचं प्लॅस्टिकचं बूड त्याच्यावर अडतं. पिन दीड-दोन मिलिमीटर बाहेर राहते, आपल्याला वाटतं बसली. तेव्हा आज पहिलं काम म्हणजे कव्हर काढा आणि पिन 'टक्' होईपर्यंत दाबा. गाणारी परत आली तर हे पत्र इथंच बंद करून रियाजाला बसलात तरी चालेल.

नाही आली तर भोकात मळ आहे. पर्समध्ये, पिशवीत, साडीच्या घडीत फोन ठेवला की कापडाचा भुगा आत जातो आणि प्रत्येक वेळी पिन तो आणखी आत दाबते. मी या भोकांतून तांदळाचा दाणा काढलाय, उदबत्तीची काडी काढलीय, एकदा शेंगदाण्याचं साल काढलंय. फोन बंद करा, टॉर्च मारून आत बघा आणि मऊ कोरड्या ब्रशनं किंवा लाकडी टूथपिकनं अलगद उकरा. तोंडानं फुंकू नका, थुंकीची वाफ आत जाते. टाचणी, सेफ्टी पिन, कानातल्याची तार यातलं काहीही नको. मी स्वतः, मेनरोडला टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात वर्षं घालवलेला माणूस, एकदा घाईत वहिनींच्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात टाचणी घातली आणि आतली पट्टी वाकवून ठेवली. नवा पॉइंट माझ्या खर्चानं बसला. घरात तो विषय अजून निघतो.

तिसरी एक शक्यता. हा हेडफोन या फोनचा नसून कपाटातला जुना असेल, तर परतीची वाट आणि माइक यांच्या जागा उलट असू शकतात. पूर्वी काही कंपन्या अशी उलटी पिन देत. ओळखायची सोपी खूण आहे. गाणं चालू असताना वायरवरचं फोन उचलायचं बटण दाबून धरा. दाबलं की गाणारी येते, सोडलं की जाते, असं झालं तर फोन आणि हेडफोन दोघंही निर्दोष, त्यांची सोयरीक तेवढी जुळत नाही.

हेडफोनची खूण वर अडकून बसते तीही बहुधा त्याच भोकामुळे. आत एक बारीक पत्रा असतो, पिन गेली की तो सरकतो आणि फोनला कळतं, की आता आवाज कानात पाठवायचा. मळ किंवा ओल त्याला सरकलेलाच ठेवते. साफ केल्यावर पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, फोन एकदा बंद-चालू करा. पावसात किंवा स्वयंपाकघरातल्या वाफेत ओल गेली असेल तर भोक खाली करून हातावर हलकेच झटका आणि पंख्याखाली कोरड्या जागी ठेवा. तांदळाच्या डब्यात फोन पुरू नका. आयफोनवाल्या ॲपलनंसुद्धा तसं करू नका म्हणून सांगितलंय, तांदळाची पूड भोकात जाते. वर एकदा दाणा काढल्याचं लिहिलंय, तो असाच गेला होता.

फोन आल्यावर समोरच्याचा आवाज येत नाही, याला आणखी एक कारण असू शकतं आणि ते तुमच्या लेकीनं पाठवलंय. बड्सची डबी नीट मिटली नाही, की ते कपाटात पडल्या पडल्या फोनशी जोडलेले राहतात. फोन तुमच्या हातात, आणि समोरचा माणूस कपाटातल्या टॉवेलांशी बोलतोय. ब्लूटूथ बंद करून एकदा फोन लावून बघा. आवाज आला तर चोर सापडला.

आता डावा कान. हा भाग शांतपणे करा, घाई नको.

डावा बड उजव्या कानात आणि उजवा बड डाव्या कानात घाला. नीट बसणार नाहीत, पण बोटानं धरा आणि एकच गाणं ऐका. कमी आवाज बडबरोबर उजव्या कानात आला, तर बड मळलाय किंवा फोनमधला डावा-उजवा तोल सरकलाय. त्याची जाळी कोरड्या मऊ ब्रशनं, तोंड खाली धरून साफ करा, म्हणजे मळ खाली पडेल, आत जाणार नाही. तेवढ्यानं भागलं नाही, तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा. तिथं आवाजाचा डावा-उजवा तोल ठेवायची एक पट्टी असते. बोट लागून ती कधी सरकते ते कळत नाही. ती बरोबर मध्ये आहे का बघा. पण बडांची अशी अदलाबदल करूनही, वायरचा हेडफोन लावूनही डाव्याच कानात कमी येत असेल, तर ताई, तो फोनचा प्रश्न नाही. कानाच्या डॉक्टरांकडे जा. पुष्कळदा मळाचा खडा निघतो आणि पाच मिनिटांत काम होतं. माझ्याकडे एक गृहस्थ तीन हेडफोन बदलून गेले होते, तिन्ही 'डावीकडे डिफेक्टिव्ह'. चौथ्या वेळी मी त्यांना हीच अदलाबदल करायला लावली. दोन दिवसांनी पेढे घेऊन आले. पण ऐकू येणं अचानक, एका-दोन दिवसांत कमी झालं असेल तर पेढ्यांची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथं उशीर महागात पडतो.

क्लासमध्ये बाई डब्यातून बोलतात, यात बड्सचा तसा दोष नाही. ब्लूटूथला गाणं ऐकवायची वाट वेगळी आणि फोनवर बोलायची वाट वेगळी. नुसतं ऐकताना रुंद वाट वापरली जाते. क्लास सुरू झाला, माइक चालू झाला, की साधे बड्स बोलण्याच्या अरुंद वाटेवर येतात. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. या वाटेवर ८,००० किंवा फार तर १६,०००. वरचे सूर तिथं मावतच नाहीत, मुरकी-खटक्याची धार जाते. 'दही काय भाव' विचारायला ती वाट पुरते, यमन शिकायला नाही. शिवाय ब्लूटूथमध्ये आवाज थोडा मागे पडतो. नुसत्या तानपुऱ्याला चालतं, पण फोनवर तबला लावून गायला बसलात तर समेवर फजिती ठरलेली. म्हणून क्लासला वायरचाच हेडफोन. नुसते महागातले बड्स घेऊन हे हमखास सुटेल असं कुणी सांगितलं तर हसून पुढं जा.

बाईंना तानपुरा ऐकू येत नाही, याचं मला खरं म्हणजे कौतुक वाटलं, कारण फोन आपलं काम चोख करतोय! झूमसारखी ॲप्स एकसुरी, न थांबणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मिक्सर समजून पुसून टाकतात. तानपुरा काय करतो? एकसुरी, न थांबता वाजतो. तुमचा लांबवलेला षड्जही त्यात मधूनच कापला जात असणार आणि बाईंना वाटत असेल दम कमी पडतोय. झूमच्या सेटिंगमध्ये मीटिंगच्या भागात 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे. ती आधी तिथं सुरू करायची, मग मीटिंगमध्ये शिरल्यावर तिचं बटण दिसतं, तेही दाबायचं. एवढं झालं की आवाज जसाच्या तसा जातो. मात्र तेव्हा हेडफोन कानात हवाच, नाहीतर बाईंचा आवाज तुमच्या स्पीकरमधून परत त्यांच्याकडे जाऊन घुमेल. भिंतीवरचा पंखाही बंद ठेवा, आता त्याला पुसायला कुणी नाही.

हेडफोन कोणता, ते आता सांगतो. तुम्ही घरी एका जागी बसून तास-दीड तास गाता आणि ऐकता. तुम्हाला वायरचा, माइकवाला, ३.५ मिलिमीटर पिनेचा साधा हेडफोन हवा. नावाजलेल्या कंपनीचा पाचशे ते हजार रुपयांतला पुरे. त्याहून महाग घ्यायचं काही कारण मला दिसत नाही. उन्हाळ्यात कान घामेजतात हे चालत असेल, तर कान झाकणारा मोठा हेडफोनही घेऊ शकता. त्यात गाताना स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो, म्हणून बरेच गाणारे एक कान थोडा उघडा ठेवतात, तसं करा.

खोक्यावरच्या आकड्यांचं फार मनावर घेऊ नका. '२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ' सगळेच छापतात. साठीच्या आसपास आपल्यापैकी बहुतेकांना वरचे कित्येक हजार ऐकूच येत नाहीत, त्याचे पैसे कशाला द्या. ड्रायव्हर, म्हणजे आतली आवाज काढणारी चकती, १३ मिलिमीटरचा म्हणजे १० वाल्याहून भारी, असंही काही नाही. एकच आकडा बघा, तो ओहमचा, म्हणजे हेडफोन करंटला किती अडवतो त्याचा. १६ किंवा ३२ लिहिलेलं फोनला झेपतं. स्टुडिओतले अडीचशे ओहमचे हेडफोन फोनवर पुटपुटतात. 'एक्स्ट्रा बास' लिहिलेलं तुमच्यासाठी नको, त्यात तबल्याचा डग्गा गाणारीच्या अंगावर येतो.

दुकानात जाल तेव्हा, मग एमजी रोडला जा नाहीतर घराजवळ बिटको चौकात, आपला फोन आणि आपल्या ओळखीचं एक रेकॉर्डिंग घेऊन जा. दुकानदार त्याचं धडाडधूम गाणं लावून दाखवतो, त्यात कुठलाही हेडफोन छानच वाजतो. तुम्ही तुमचा संथ आलाप लावा आणि गाणारीचा श्वास ऐकू येतो का बघा. तिथल्या तिथे घरी एक फोन करून माइक तपासा. आणि बिल घ्या. वॉरंटी बिलावर चालते, ओळखीवर नाही.

लेकीचे बड्स फेकू नका, रबरं बदला. डबीबरोबर लहान, मध्यम, मोठी अशी तीन जोड्या रबरं मिळतात आणि बहुतेक लोक कंपनीनं बसवलेली मध्यमच वापरतात. दोन्ही कान सारख्या मापाचे असतीलच असं नाही, एकीकडे लहान, एकीकडे मध्यम चालतं. रबर सैल असलं की बड पडतो आणि खालचे सूरही गळतात. डावीकडचा कमी आवाज कदाचित एवढ्यानंच सुटेल. मग ते पुण्याला जाताना एसटीत वापरा. त्यांच्या खोक्यावर एएनसी आहे की ईएनसी, ते मात्र बघा. दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखे सांगतात. एएनसी तुमच्या कानासाठी, ती इंजिनाची घरघर बरीच कमी करते, मागच्या सीटवरच्या गप्पा मात्र फारशा थांबवत नाही. ईएनसी समोरच्यासाठी, तुमच्या भोवतीचा गोंगाट त्याला कमी जातो. नुसती ईएनसी असेल तर संगमनेरपर्यंत घरघर ऐकायची तयारी ठेवा.

सकाळी फिरायला जाताना बड्स नकोत, बिटको चौक ओलांडताना तर मुळीच नकोत. अगदीच हवं तर गळ्यात राहणारा नेकबँड घ्या, तो पडून हरवत तरी नाही. आणि आवाजाचं माप असं: जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास धरते, आवाज ९० वर नेला की तेच ४० तास ४ वर येतात. फोन साठ टक्क्यांच्या आत ठेवा. एसटीत आवाज वाढवावासा वाटतो, तिथंच कान जास्त खर्च होतात.

जागेचं थोडक्यात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडा, 'मॅनेज स्टोरेज'वर जा. कोणत्या गटानं किती जागा खाल्ली ते तिथं उतरत्या क्रमानं दिसतं. सुप्रभातवाला गट सगळ्यात वर असेल याची मी पैज लावतो. क्लासची रेकॉर्डिंग मात्र आधी पेन ड्राइव्हवर किंवा लेकीच्या लॅपटॉपवर काढून ठेवा, मग उडवा. फोटो उडवल्यावर फोटोंच्या कचरापेटीतूनही उडवा, नाहीतर ते महिना-दोन महिने तिथंच बसून राहतात. फोन गच्च भरला की अडखळतो, साताठ जीबी मोकळी असली की पळतो. हँग होण्याचा निम्मा त्रास त्यातच जाईल.

भाच्याला म्हणावं, थांब. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर मात्र चार्जिंग लगेच थांबवा, फोन दाबू नका आणि आधी बॅटरी बदलून घ्या. ती फोनपेक्षा स्वस्तच पडते. किंवा सुरक्षेचे अपडेट येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली असतील आणि त्याच फोनवर बँकेचे व्यवहार करत असाल, तर नव्या फोनचा विचार जरूर करा. नवा घेताना हेडफोनचं गोल भोक असलेलाच मागा. अजून मिळतात. नसलेला आवडला तर टाइप-सी हेडफोन लागेल आणि त्यातही दोन जाती आहेत. एकीच्या पिनेतच आवाज तयार करणारी चिप असते, दुसरी त्यासाठी फोनच्या भरवशावर राहते आणि पुष्कळ फोन तिला ओळखच देत नाहीत. पहिलीच घ्या, आणि दुकानात लावून बघूनच घ्या. काही फोनमध्ये सेटिंगमधलं 'ओटीजी' चालू केल्याशिवाय ती वाजत नाही. तेवढ्यावरून दुकानदार ती परत घ्यायला लागला तर आधी ते बटण बघा.

आणि त्या साडेतीन हजारवाल्याकडे गेलातच, तर एवढंच विचारा: "बोर्डावरचं काय गेलंय, ते मला दाखवता का?" ज्याला माहीत असतं तो मीटर लावून दाखवतो.

कव्हर आज काढा, ब्रश उद्या, ओरिजिनल साउंड पुढच्या क्लासच्या आधी. डाव्या कानाचं काय निघालं ते मात्र मला नक्की कळवा.